नवकम्म : मावळातील लेणी आणि कारागिराचे शिक्षण

पुणे-मुंबई लोहमार्गावर पिंपरी-चिंचवडची कारखान्यांची वस्ती मागे पडली की देहूरोड, घोरवाडी, तळेगाव, कामशेत, मळवली ही स्थानके लागतात. घोरवाडीजवळ शेलारवाडीची लेणी आहेत. कामशेतच्या दक्षिणेस बेडसे, तर मळवलीच्या एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले आहे. घाट उतरून राजमाचीच्या पायथ्याशी गेल्यास कोंडाणे लागते. चाकणहून उत्तरेकडे जाणारा रस्ता नारायणगावमार्गे जुन्नरला पोहोचवतो आणि तेथील डोंगरांत तर दोनशेहून अधिक लेणी आहेत. आजच्या उद्योगपट्ट्याला अशा प्रकारे प्राचीन बौद्ध वास्तूंनी वेढलेले आहे.

या लेण्यांचा अभ्यास बहुधा दोन अंगांनी झाला. कलेच्या इतिहासकारांनी स्तंभ, चैत्यकमानी व शिल्पे पाहिली. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी सातवाहन व क्षहरात यांचा कालक्रम ठरविण्यासाठी शिलालेख वाचले. ज्या हातांनी हे डोंगर कोरले त्या हातांना ती विद्या कोणी दिली, बांधलेले मोडकळीस आल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची असे, आणि ऊन, थंडी, पाऊस व ओल यांपासून आत राहणाऱ्याचे रक्षण कसे होई, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले गेले. पालि विनयपिटकात या प्रश्नांची बरीच उत्तरे आहेत. ती मावळातील शिलालेखांशेजारी ठेवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विनयातील घर

चुल्लवग्गातील सहावा खंधक सेनासनक्खन्धक या नावाने ओळखला जातो. सेनासन म्हणजे निजण्या-बसण्याची जागा, अर्थात निवास. आरंभी भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, गवताच्या गंजीत राहत. राजगृहाच्या श्रेष्ठीने निवास बांधून देण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा तथागतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुज्ञा दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. या पाचांना मिळून ‘लेण’ असा शब्द आहे. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द त्याच घराण्यातला आहे. लेण म्हणजे केवळ कोरलेली गुहा हा अर्थ नंतर रूढ झाला. मुळात लेण म्हणजे आश्रय.

यानंतरचा भाग काळजीपूर्वक वाचला तर तो एखाद्या अनुभवी गवंड्याने सांगितल्यासारखा वाटतो. गवताने शाकारलेले विहार थंडीत थंड आणि उन्हाळ्यात तापलेले राहतात, अशी अडचण येते. त्यावर उपाय असा सांगितला आहे की छपराला आतून दाट आवरण द्यावे आणि ते आतून व बाहेरून लिंपून घ्यावे. पालि भाषेत या लिंपणाला ‘उल्लित्तावलित्त’ म्हणतात. आजच्या भाषेत याला उष्णतारोधन म्हणता येईल. उपाय साधा आहे, परंतु त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. गवतात अडकलेली हवा आणि मातीचा जाड थर हे दोन्ही मिळून बाहेरचे ऊन आत येऊ देत नाहीत आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत.

विहारात खिडक्या नसल्याने डोळ्यांना त्रास होतो आणि कुबट वास येतो, म्हणून तीन प्रकारच्या खिडक्यांना परवानगी मिळाली : कठड्यासारखी, जाळीची आणि गजांची. त्यातून पाखरे व वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडदा व झडप यांची सोय झाली. पांढरा रंग खरबरीत भिंतीवर धरेना, तेव्हा कोंडा मिसळलेल्या मातीचा हात देऊन पांढरा रंग लावावा असे ठरले. त्यानेही भागले नाही तर डिंक व पिठाची खळ वापरावी. गेरूच्या रंगासाठी कोंड्याची माती व मोहरीची पेंड, आणि तेही पुरले नाही तर मेणाचा उपयोग सांगितला आहे. छपराचे पाच प्रकार येतात : वीट, दगड, चुना, गवत आणि पाने. पाचव्या खंधकात जंताघराची म्हणजे ऊन स्नानगृहाची चर्चा आहे. लहान जंताघरात चूल एका बाजूला असावी व मोठ्यात मध्यभागी असावी, आणि धूर जाण्यासाठी धुराडे ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. खोलीच्या आकारानुसार अग्नीची जागा ठरविणे म्हणजे थोड्या सरपणात पुरेशी ऊब मिळविणे होय.

या नियमांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम अडचण, मग उपाय, उपायातून निघालेली नवी अडचण आणि तिच्यावर पुढचा उपाय. येथे शास्त्राज्ञा शेवटचा शब्द मानलेली नाही. अनुभव हाच प्रमाण मानला आहे. कारागिराचे शिक्षणही याच रीतीने होते.

शिंप्याची भिंत

याच खंधकात वैशालीतील एका दरिद्री शिंप्याची कथा आली आहे. त्या काळी वैशालीत लोक विहारांचे बांधकाम करीत होते आणि भिक्खू त्या कामावर देखरेख करीत होते. ज्या अर्थी लोक इतक्या आदराने हे काम करतात त्या अर्थी ते क्षुल्लक नसावे, असा विचार करून त्या शिंप्याने स्वतःच माती तुडवली, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. त्याला बांधकामाची विद्या येत नव्हती. रचलेली भिंत वाकडी झाली आणि कोसळली. त्याने दुसऱ्यांदा बांधली, तीही पडली. तिसऱ्यांदाही तेच घडले.

मग तो संतापून बोलू लागला. जे चीवर, भिक्षा, औषध देतात त्यांना हे श्रमण मार्गदर्शन करतात आणि त्यांच्या बांधकामावर लक्ष ठेवतात, मी गरीब असल्यामुळे मला कोणी सांगत नाही आणि शिकवीतही नाही, अशी त्याची तक्रार होती. ती तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. दरिद्री माणसाने दानाचा हव्यास धरू नये, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी संघाच्या व्यवस्थेतच बदल केला. संघाने रीतसर ज्ञप्ती मांडून योग्य भिक्खूकडे ‘नवकम्म’ सोपवावे, असा नियम झाला. या नवकम्मिक भिक्खूने दोन गोष्टी पाहायच्या : विहार लवकर पुरा कसा होईल, आणि जे मोडले-फुटले असेल त्याची डागडुजी कशी होईल.

या कथेचा आशय मोठा आहे. भिंत पडली ती श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे, श्रमाची कसूर झाली म्हणूनही नव्हे. विद्या मिळाली नाही म्हणून ती पडली. विद्या न मिळण्याचे कारण दारिद्र्य होते. तंत्रज्ञान समाजात असूनही गरिबापर्यंत ते पोहोचत नाही, हा अन्याय शिंप्याने उघड केला, आणि तो दूर करणे हे संघाचे कर्तव्य ठरले. कारागिराला मार्गदर्शन मिळणे ही दात्याच्या मर्जीची बाब राहिली नाही, ती संस्थेची जबाबदारी झाली.

नवकम्माचा दुरुपयोग होऊ नये यासाठीही नियम केले गेले. केवळ मातीचा गोळा बसविणे किंवा भिंतीला हात फिरविणे एवढ्यावर कोणाला नवकम्म देऊ नये. लहान विहारासाठी पाच-सहा वर्षे, अड्ढयोगासाठी सात-आठ वर्षे आणि मोठ्या विहारासाठी वा पासादासाठी दहा-बारा वर्षे अशी मुदत सांगितली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार विशाखेने श्रावस्तीत पूर्वाराम बांधविला तेव्हा देखरेखीचे काम महामोग्गल्लान थेरांकडे होते. अग्रश्रावकाने बांधकामावर उभे राहणे कमीपणाचे मानले गेले नाही.

दुरुस्तीचा जो शब्दप्रयोग विनयात आहे, ‘खंडफुल्ल’ म्हणजे मोडके-फुटके, तो पुढे शतकानुशतके टिकला. वलभीच्या मैत्रक राजांनी विहारांना दिलेल्या ताम्रपटांत ‘खण्डस्फुटितप्रतिसंस्कार’ हा दानाचा एक हेतू म्हणून नोंदलेला आढळतो. नव्या वास्तूइतकेच जुन्या वास्तूच्या डागडुजीला महत्त्व देणारी ही दृष्टी आहे.

धनियाची कुटी आणि छन्नाचे छप्पर

बांधकामाची विद्या असली तरी ती कशी वापरावी, याचेही भान लागते. विनयातील दोन प्रसंग या दृष्टीने बोलके आहेत.

राजगृहाजवळ इसिगिलि पर्वताच्या उतारावर धनिय नावाचा भिक्खू गवताची कुटी बांधून राहत असे. तो कुंभाराचा मुलगा होता. तो भिक्षेला गेला असता गवत व लाकूड गोळा करणाऱ्या बायका त्याची कुटी मोडून नेत. तीनदा असे घडल्यावर त्याने आपली वडिलोपार्जित विद्या वापरली. सगळी कुटी मातीची केली आणि गवत, काटक्या व गोवऱ्या रचून ती भट्टीसारखी भाजली. कुटी सुंदर लाल झाली आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजू लागली. तथागतांनी ती पाहून मोडून टाकावयास सांगितले. एवढी माती तुडविताना व भाजताना असंख्य जीवांची हानी झाली असेल, आणि पुढची पिढी हेच उदाहरण गिरवील, असे कारण त्यांनी दिले. कौशल्य उत्तम होते, पण त्याची किंमत इतर जीवांनी मोजली होती. एका माणसाच्या खोलीसाठी किती सरपण जाळावे, हा प्रश्न या प्रसंगाच्या पोटात आहे.

दुसरा प्रसंग कोसंबीचा आहे. छन्न भिक्खूसाठी एक महामात्र विहार बांधवीत होता. काम पुरे झाले तरी छन्न पुन्हा पुन्हा छपरावर थर घालवी आणि पुन्हा पुन्हा लिंपून घेई. शेवटी भाराने विहार कोसळला. यावरून मोठ्या विहाराच्या छपराला दोन-तीन थरांची मर्यादा घालणारा पाचित्तियाचा नियम झाला. ज्या लिंपणाला सेनासनक्खन्धकात उपाय म्हणून मान्यता मिळाली होती, तेच लिंपण प्रमाणाबाहेर गेल्यावर घातक ठरले. जाड थराने घर गार राहते, पण भिंतीला पेलेल एवढाच थर घालावा, हे गवंड्याला शिकावे लागते.

शिलालेखांतील कारागीर

आता मावळाकडे वळू. विनयातील या व्यवस्थेचे प्रतिबिंब येथील लेखांत दिसते का?

सर्वांत महत्त्वाचा पुरावा कोंडाण्याचा आहे. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका मूर्तीच्या शिराशेजारी ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे. कण्ह याचा अंतेवासी बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. ‘अंतेवासी’ हा शब्द पालि वाङ्मयात नेहमी येतो. जवळ राहून शिकणारा तो अंतेवासी. भिक्खूच्या आचार्याजवळ राहणारा शिष्य आणि शिल्पाच्या उस्तादाजवळ राहणारा उमेदवार या दोघांसाठी तोच शब्द आहे. इसवी सनापूर्वीच्या काळात सह्याद्रीतील एका कारागिराला आपल्या नावासोबत आपल्या गुरूचे नाव कोरावेसे वाटले. राजाचे किंवा दात्याचे नाव त्याने तेथे घातले नाही. शिक्षणाच्या परंपरेचा याहून सरळ दाखला क्वचितच मिळतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्याची शिष्याप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला चांगले वळण लावावे, नीट समजावून द्यावे, सर्व शिल्प हातचे न राखता शिकवावे, मित्रमंडळींत त्याची ओळख करून द्यावी आणि सर्व दिशांना त्याला संरक्षण लाभेल असे करावे. हातचे न राखता शिकविणे हे कारागिरांच्या जगात सर्वांत अवघड असते, कारण विद्या हीच त्यांची पुंजी. म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख झाला असावा. शेवटच्या दोन कर्तव्यांतून आजचा रोजगार व पत या दोन्ही गोष्टी सूचित होतात.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वड्ढकीचा, म्हणजे सुताराचा लेख आहे. वेणुवासाच्या या पुत्राने प्रवेशद्वाराचे काम केले, असे तो सांगतो. त्याच चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, गंध विकणाऱ्या सिंहदत्ताचा आहे आणि यवनांचेही आहेत. श्रेष्ठीच्या नावाबरोबर सुताराचे नाव त्याच दगडात कोरले गेले. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाचा लेख याहून विस्तृत आहे. त्यात देखरेख करणारा भिक्खू, ‘सेलवड्ढकी’ आणि घोटकाम करणारा यांचा निर्देश येतो. सेलवड्ढकी म्हणजे शब्दशः दगडाचा सुतार. हा शब्द स्वतःच एक इतिहास सांगतो. दगडात काम करणारे पहिले कारागीर लाकूडकामाच्या परंपरेतून आले आणि नव्या माध्यमात त्यांना नव्याने शिकावे लागले.

शेलारवाडीचे लेणे पिंपरीपासून सर्वांत जवळचे. तेथील लेखानुसार धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाच्या पत्नीने, सियगुटनिकेने, आपला पुत्र नंद याच्यासह ते दान दिले. भाजे येथेही नांगरट करणाऱ्याच्या पत्नीचे, बाधेचे, दान नोंदलेले आहे. वैशालीचा शिंपी एकटा नव्हता. शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीचे दान डोंगरात कोरले गेले, याचाच अर्थ तिच्या दानामागे जाणते हात उभे होते.

लाकडाकडून दगडाकडे

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. सुमारे ५९ फूट लांबीच्या या दालनातील २७ अष्टकोनी स्तंभ सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. लाकडी घरात छपराचा रेटा पेलण्यासाठी खांब असे तिरपे लावावे लागत. दगडात त्याची गरज नव्हती. कारागिराच्या हाताला असलेले वळण त्याने नव्या माध्यमात तसेच नेले. दर्शनी बाजूस लाकडी पडदी होती, तिच्या खोबणी खडकात अजून दिसतात. छताच्या कमानीला सागवानी फासळ्या लावलेल्या आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून तेथील लाकडी फासळ्या व स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. कार्ल्याला येईपर्यंत स्तंभ सरळ झालेले दिसतात. भाजे ते कार्ले या अंतरात कारागिरांच्या अनेक पिढ्या शिकत गेल्या, हे खडकावरच वाचता येते.

जातकांतही या सुतारी परंपरेचे वर्णन आहे. अलीनचित्त जातकात पाचशे सुतारांचे एक गाव येते. ते नदीने वर जाऊन जंगलात लाकूड तोडीत, एकमजली-दुमजली घरांचे भाग तेथेच तयार करीत, खांबापासून प्रत्येक तुकड्यावर खूण करीत आणि नावेतून खाली आणून घर जोडीत. खुणा करून काम विभागणे ही शिस्त एका माणसाच्या हुशारीतून येत नाही, ती गावभर शिकवलेली असावी लागते.

मावळाचे हवामान कठीण आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि चैत्र-वैशाखात कातळ तापतो. बेसॉल्टचा जाड खडक उष्णता सावकाश घेतो व सावकाश सोडतो, त्यामुळे लेण्याच्या आत दिवस-रात्रीचा फरक कमी जाणवतो. खडक पुढे ठेवून कोरल्यामुळे पाऊस दारात शिरत नाही. चैत्यकमानीच्या उंच गवाक्षातून येणारा प्रकाश दालन न तापविता स्तूपापर्यंत पोहोचतो. डोंगरावरून येणारे पाणी टाक्यांत साठविले जाई. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दिवा, सरपण व पाणी या तिन्हींची बचत होईल अशी ही रचना आहे.

श्रेणी आणि प्रतिष्ठा

कारागिराच्या शिक्षणाचा प्रश्न त्याच्या प्रतिष्ठेच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. पाचित्तियाच्या दुसऱ्या नियमाच्या विवरणात त्या काळचा समाज कोणत्या शिल्पांना हीन मानी याची यादी आली आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार व न्हावी यांची शिल्पे तीत आहेत. लेखन व गणना ही उच्च शिल्पे मानली जात. विनयाने ही समजूत नोंदविली, ती समाजात होती म्हणून. मात्र कोणा भिक्खूला त्याच्या जातीवरून वा शिल्पावरून हिणविणे हा अपराध ठरविला.

आता जुन्नर पाहा. तेथील एका लेखात संघासाठी दिलेली ठेव बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दान दिल्याचाही लेख आहे. नाशिकच्या लेण्यात ईश्वरसेनाच्या काळातील लेख आहे. त्यानुसार आजारी भिक्खूंच्या औषधासाठीचा निधी कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे बनविणारे यांच्या श्रेणींकडे ठेवण्यात आला. ज्यांचे शिल्प समाज हीन मानीत होता त्यांच्या संघटनेकडे धम्मकार्याचा पैसा विश्वासाने सोपविला गेला. पेढीची पत त्यांना मिळाली. प्रतिष्ठेची ही बाजू ग्रंथापेक्षा शिलालेखात अधिक स्पष्ट दिसते.

पुढे जातिव्यवस्था घट्ट झाली. विद्या जन्माशी बांधली गेली आणि हात राबविणारा शास्त्राला वर्ज्य ठरला. जातिव्यवस्था केवळ कामे वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली कप्प्यांत कोंडते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. या कोंडीत कारागिराचे नुकसान झाले आणि विद्येचेही. ज्याला लिहिता येई त्याला दगड कळत नव्हता, आणि ज्याला दगड कळे त्याला लिहू दिले जात नव्हते. कोंडाण्याच्या बलकाने आपले व गुरूचे नाव दगडावर नोंदविले होते. नंतरच्या शतकांतील पाथरवटांची व गवंड्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

किल्लारी आणि लडाख

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती जाड दगडमातीच्या होत्या आणि वर मातीचे माळवद होते. माळवदामुळे घर गार राहते. पण गळती थांबविण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षे माती पडत गेली आणि छपराचा भार वाढला. भिंतीची आतली व बाहेरची तोंडे एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. छन्नाच्या छपराची कथा येथे मोठ्या प्रमाणावर घडली. नंतरच्या पुनर्वसनात नव्या घरांबरोबर जुन्या घरांच्या मजबुतीचेही काम झाले. गवंड्यांना आरपार दगड बसविणे, छपरावरील जादा माती उतरविणे, भिंतींना पट्टे बांधणे हे शिकविण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या दगड रचणाऱ्या हातांना जे सांगितले गेले नव्हते, ते फार मोठी किंमत मोजल्यावर सांगितले गेले.

लडाखचे उदाहरण निराळे आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. सरपण दुर्मीळ आहे. मातीच्या विटांची जाड भिंत आणि सपाट मातीचे छप्पर ही तेथील घरांची व गोम्पांची जुनी रीत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथील संस्थांनी या रीतीला धरून सुधारणा केल्या. दक्षिणेकडे काचेची मोठी खिडकी, दिवसा ऊन साठवून रात्री ऊब देणारी भिंत, छताच्या व भिंतीच्या पोकळीत गवत व भुसा या गोष्टी स्थानिक गवंड्यांना व सुतारांना शिकविल्या गेल्या. १९८८ साली स्थापन झालेल्या सेक्मोल या संस्थेने विद्यार्थ्यांच्या हातांनी मातीच्या अशा इमारती उभ्या केल्या. आतून दाट आवरण द्यावे व दोन्ही बाजूंनी लिंपावे, ही विनयातील अनुज्ञा आणि लडाखी सुताराने छतात भरलेला भुसा यांचे तत्त्व एकच आहे.

आपले विहार

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी घडलेली ही घटना या परिसराच्या इतिहासात अनन्य आहे. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत येथे कारखान्यांची रांग लागली. रोजगारासाठी मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथून आलेल्या कामगारांनी वस्त्या उभारल्या आणि वर्गणी काढून विहार बांधले. या विहारांमागे वैशालीच्या शिंप्याचीच श्रद्धा आहे.

परंतु त्या शिंप्याची अडचणही आहे. पत्र्याचे छप्पर एप्रिल-मे महिन्यांत इतके तापते की दुपारी वंदनेला बसणे कठीण होते. सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता आत सोडतो. खिडक्या समोरासमोर नसतात. मग पंखे वाढतात, विजेचे बिल वाढते आणि ते वर्गणीवर पडते. उपाय अवघड नाहीत. स्लॅबवर चुन्याची पांढरी सफेदी करावी. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करून मध्ये हवेची पोकळी ठेवावी. आढ्याजवळ गरम हवा जाण्यास झरोका असावा. पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढावी किंवा जाळी लावावी. जुनी कौलारू वास्तू असेल तर ती पाडून स्लॅब घालण्यापूर्वी वासे व कौले दुरुस्त होतात का, हे आधी पाहावे. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल कोंडून राहते आणि भिंत फुगते, हे गवंड्याला माहीत असले पाहिजे. मात्र भाजे, बेडसे, कार्ले ही १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारके आहेत. तेथे आपण हात लावायचा नाही, फक्त पाहून शिकायचे आहे.

हे ज्ञान कोणाकडे आहे? मावळातील गावांत कारवीच्या कुडाची भिंत उभी करून शेणमातीने सारवणारे, कौलांची पाखाडी नीट बसविणारे हात अजून सापडतात, पण ते म्हातारे होत चालले आहेत. पिंपरी, भोसरी, चिंचवडच्या वस्त्यांत गवंडीकाम, सुतारकाम, वेल्डिंग जाणणारे शेकडो तरुण आहेत, पण त्यांना कोणी ही जुनी रीत दाखविलेली नाही आणि नवे शास्त्रही सांगितलेले नाही. दुसऱ्यांचे मजले बांधणाऱ्या या तरुणांच्या स्वतःच्या खोल्या मात्र भट्टीसारख्या तापतात.

विहारांच्या कार्यकारिणींनी नवकम्माची संस्था पुन्हा जिवंत करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. प्रत्येक विहाराने आपल्या उपासकांतून एक-दोन जाणत्या कारागिरांची रीतसर निवड करावी, त्यांच्या हाताखाली चार अंतेवासी द्यावेत आणि वर्षावासापूर्वी छप्पर, पाणी, खिडक्या व भिंती यांची पाहणी करून मोडके-फुटके दुरुस्त करावे. वस्तीतील गरीब घराचे छप्पर हेही या कामाच्या कक्षेत असावे, कारण नवकम्माचा नियम मुळात एका गरिबाच्या पडलेल्या भिंतीवरून झाला. हिशेब उघडा असावा, मुदत ठरलेली असावी, आणि काम पुरे झाल्यावर दात्यांच्या फलकावर कारागिराचे व त्याच्या अंतेवासींचे नाव लिहावे.